गुडघा बदलण्याची वेळ

व्याख्यान संपले म्हणजे मंडपात एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. सतरंजीवरची मंडळी झटकन उठून चपला शोधू लागतात. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्या बायका मात्र तशाच बसून राहतात. गर्दी ओसरली म्हणजे दोन्ही हात मांड्यांवर टेकून त्या उठतात, क्षणभर थांबतात आणि पहिली चार पावले भिंतीच्या आधाराने टाकतात. "काय होतंय?" म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले असते. "काही नाही, वय झालं. चालायचंच!"

ह्या 'चालायचंच' शब्दातला विनोद आता कडू वाटू लागला आहे, कारण नेमके चालणेच थांबलेले असते. आपल्या पुलगावात, देवळी-आर्वीकडच्या खेड्यांत, वर्ध्यात, कोठेही जा, साठीच्या पुढच्या बायकांच्या बोलण्यात गुडघ्याचा विषय निघतोच. पूर्वी ह्या बोलण्याचा शेवट तेलाने आणि शेकाने होत असे. आता तो 'ऑपरेशन'वर येऊन थांबतो. करावे की न करावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत मनोमन सुटलेला असतो. एक दिवस करावे लागणार हे सर्वांना दिसत असते. अडते ते 'केव्हा' ह्या प्रश्नापाशी. दिवाळीनंतर करू, मुलीच्या बाळंतपणानंतर करू, कापूस घरात येऊ दे मग करू, असे म्हणता म्हणता पाच-सात वर्षे निघून जातात. ह्या 'केव्हा'चा विचार शास्त्राच्या आधाराने कसा करावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम गुडघा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे, समोर वाटी. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. ह्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती एकदा झिजली की त्वचेसारखी भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नाहीत, म्हणून झीज सुरू झाल्याचे बरीच वर्षे कळतही नाही. कळते तेव्हा खालचे हाड उघडे पडू लागलेले असते. बहुतेकांचा गुडघा आतल्या बाजूने अधिक झिजतो. त्यामुळे पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि चाल डुलती होते. हा झिजेचा संधिवात. ह्याहून वेगळा आणखी एक संधिवात आहे. त्यात हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी तासाहून अधिक वेळ अंग आखडलेले राहते. तो तरुण वयातही होतो आणि त्याला वेळीच औषधे सुरू करावी लागतात. म्हणून 'संधिवातच आहे' एवढ्यावर समाधान न मानता तो कोणता, हे डॉक्टरकडून आधी समजून घेतले पाहिजे.

हे दुखणे बायकांच्याच वाट्याला अधिक का यावे? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरांत सुमारे अठरा माणसांना हाडा-सांध्यांची दुखणी होती, आणि त्यांत बायकांचे प्रमाण अधिक होते. पाळी थांबल्यानंतर शरीरात होणारे बदल, मांडीच्या स्नायूंची कमी ताकद आणि वाढते वजन ही कारणे सर्वत्र सांगितली जातात. त्यांत कामाची रीतही मिळवावी लागते. बीजिंग शहरातील साठीपुढच्या स्त्रियांची तुलना अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी करणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. चिनी स्त्रिया अंगाने सडपातळ, तरी गुडघ्याची झीज त्यांच्यातच अधिक आढळली. तरुणपणी दिवसातले तासन् तास उकिडवे बसण्याशी तिचा संबंध असल्याचे त्याच संशोधकांना पुढे दिसून आले. निंदणाच्या ओळीत दिवस दिवस उकिडवे बसणाऱ्या, चुलीपाशी, धुण्याच्या दगडापाशी आणि सारवणाच्या बादलीपाशी आयुष्य काढलेल्या आपल्याकडील बाईला ह्यात नवल वाटणार नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. 'गुडघा बदलणे' ह्या शब्दांनी पुष्कळांच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. पाय कापून दुसरा बसवतात, असे कुणी समजू नये. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचे झिजलेले टोक साधारण आठ-दहा मिलिमीटर जाडीचे कापून काढतात. वरच्या हाडावर धातूची टोपी बसते, खालच्यावर धातूची तबकडी, आणि दोहोंच्या मध्ये कूर्चेच्या जागी उत्तम प्रतीच्या प्लॅस्टिकचा तुकडा. बाजूचे बंध आणि स्नायू आपलेच राहतात. बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून दीड-दोन तासांत हे काम होते आणि दुसऱ्या दिवशी, पुष्कळदा त्याच दिवशी, वॉकर धरून रुग्णाला उभे करतात.

ह्या कल्पनेचा इतिहास जुना आहे. १८९० साली बर्लिनचे थेमिस्टोक्लिस ग्लुक ह्यांनी हस्तिदंती सांधा बसवून पाहिला. तो टिकला नाही. आज सर्वत्र वापरात असलेल्या धर्तीचा सांधा १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. तो घडविणाऱ्यांत जॉन इन्सॉल ह्यांच्याबरोबर मध्य प्रदेशातून तेथे गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. ह्याच राणावतांनी पुढे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. त्या दिवसांत वर्तमानपत्रे गुडघ्याच्या आकृत्यांनी भरलेली असत आणि ही शस्त्रक्रिया घरोघरी ठाऊक झाली. देशाच्या पंतप्रधानाने कामातून वेळ काढून गुडघा बदलून घेतला, ह्याचे कुणाला आश्चर्य वाटले नाही. उलट कामासाठीच तो बदलला, असे सर्वांनी मानले. घरातील बाई मात्र काम आहे म्हणून गुडघा बदलत नाही. कामाकडे पाहण्याच्या ह्या दोन रीतींतील फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

केव्हा करावे ह्याआधी, काय करून पाहावे हे सांगितले पाहिजे. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या १०० रुग्णांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांचा गुडघा बदलला आणि नंतर बारा आठवडे व्यायाम, आहार, योग्य पादत्राणे आणि औषधे असे उपचार दिले. उरलेल्या निम्म्यांना शस्त्रक्रियेवाचून तेच उपचार दिले. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांचा आराम अधिक होता, हे खरे. त्यांच्यात शंभरी ८५ जणांना लक्षणीय सुधारणा झाली. पण शस्त्रक्रिया न केलेल्यांतही ती शंभरी ६८ जणांना झाली, आणि ह्या पन्नास जणांपैकी तेराच जणांना वर्षभरात शस्त्रक्रियेकडे वळावे लागले. गंभीर स्वरूपाचे उपद्रव शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होते. ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. तीन महिने मन लावून केलेला व्यायाम हे शस्त्रक्रियेच्या दारावरचे पहिले पाऊल आहे, आणि पुष्कळांना तेवढ्यावरून काही काळ परत फिरता येते.

व्यायामही अवघड नाही. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजावे, खाली घ्यावा. असे दोन्ही पायांनी सकाळ-संध्याकाळ. सपाट जमिनीवर झेपेल तेवढे चालावे. वजन एक किलोने उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून पाहिलेले आहे. फ्रेमिंगहॅमच्या ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत पाच किलोंच्या आसपास उतरले, त्यांच्यात हे दुखणे उद्भवण्याचा संभव निम्म्याहून कमी झाला. शेकाने, मालिशीने बरे वाटते, ते जरूर करावे. त्याने कूर्चा उगवत नाही एवढे मात्र जाणावे. दुर्बिणीने सांधा धुऊन घेण्याने झिजेच्या संधिवातात खोट्या शस्त्रक्रियेहून अधिक फायदा होत नाही, असे २००२ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. त्या खर्चात पडू नये. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी पोटाचा आणि मूत्रपिंडाचा विचार करावा.

घाईने शस्त्रक्रिया करण्यातही तोटा आहे. बसविलेला सांधा यंत्राचा भाग आहे, तोही झिजतो. शंभर सांध्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षे टिकतात, असे २०१९ साली अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून सांगण्यात आले. सत्तरीनंतर बदललेला गुडघा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याचा संभव शंभरांत पाचांच्या आसपास असतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलला तर तोच संभव पुरुषांत पस्तीसपर्यंत आणि स्त्रियांत विसाच्या घरात जातो, असे ब्रिटनमधील २०१७ सालचा अभ्यास सांगतो. दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया अधिक अवघड आणि अधिक खर्चाची. म्हणून पन्नाशीतील बाईला हाड सरळ करण्याची किंवा सांध्याची एकच बाजू बदलण्याची शस्त्रक्रिया चालेल का, हे विचारून घ्यावे. शिवाय सगळा सांधा बदलून घेतलेल्यांत पाचांतील एकाला मनाजोगा आराम वाटत नाही, हेही लपविता कामा नये. दुखणे सौम्य असताना शस्त्रक्रिया केली तर सुधारण्यास जागाच थोडी उरते, आणि 'उगाच केले' असे म्हणण्याची पाळी येते.

आपल्याकडे मात्र घाईपेक्षा उशीरच अधिक होतो, आणि उशिराचे नुकसान सहज दिसत नाही. लोक समजतात की सांधा बदलायचाच आहे. आज काय, पाच वर्षांनी काय, नवा सांधा नवाच राहणार. हा हिशेब चुकीचा आहे. सांधा नवा मिळतो, पण त्याला चालविणारे स्नायू जुनेच असतात. दुखते म्हणून बाई चालत नाही, चालत नाही म्हणून मांडी वाळते, वजन वाढते, साखर चढते. गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. चांगल्या पायावर भार पडून तोही बिघडतो. बोस्टन आणि माँट्रियल येथील रुग्णांचा डॉ. फॉर्टिन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो १९९९ आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांची हालचाल फार खालावली होती, त्यांना शस्त्रक्रियेने आराम पडला. पण वेळेवर आलेल्यांची बरोबरी त्यांना दोन वर्षांनीही करता आली नाही. ज्या पायरीवरून चढावयास सुरुवात केली, तिच्यावर पोहोचण्याची उंची ठरली. ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

मग बायका उशीर का करतात? कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ही पाहणी झालेली आहे. शस्त्रक्रियेची गरज असून ती न मिळालेल्यांचे प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून अधिक स्त्रियांत निघाले. शस्त्रक्रियेस तयार असण्यात स्त्रिया मागे नव्हत्या. डॉक्टरशी त्याविषयी बोलणेच त्यांच्याकडून कमी झाले होते. हे २००० साली प्रसिद्ध झाले. २००८ साली त्याच देशात आणखी एक गोष्ट उघड झाली. सारखेच दुखणे असलेला एक पुरुष आणि एक स्त्री ७१ डॉक्टरांकडे पाठविण्यात आली. पुरुषाला शंभरांतील ६७ डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली. बाईला ३३ जणांनी. तेव्हा दोष एकट्या बाईच्या भिडस्तपणाचा नाही. ऐकणाऱ्यांचे कानही तपासले पाहिजेत. डॉक्टरांपुढे आपल्याकडील बाई बोलतच नाही. तिच्या वतीने मुलगा बोलतो, आणि त्याला माहीत असते ते एवढेच की आईचा स्वयंपाक अजून वेळेवर होतो. तो किती वेळा ओट्याला टेकून झाला, हे त्याने पाहिलेले नसते.

म्हणून वेळ ठरविण्याचे माप बाईने स्वतःच्या हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. क्ष-किरणांच्या फोटोवर सगळा भरवसा ठेवू नये. फोटोत हाडाला हाड लागलेले असूनही हिंडती-फिरती बाई असते, आणि फोटो बरा असून बेजार झालेलीही असते. वयाचा आकडाही पुरेसा नाही. पाच प्रश्न स्वतःला विचारावे आणि उत्तरे कागदावर लिहून काढावी. रात्री कूस बदलताना दुखण्याने झोप मोडते काय? न थांबता किती चालवते, आणि गेल्या वर्षी याच सुमारास किती चालवत होते? आठवड्यातून किती दिवस गोळी घ्यावी लागते? पाय पुरता सरळ होतो काय, की वाकडेपणा वाढतो आहे? आणि पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा: दोन वर्षांत आपण काय काय सोडून दिले? आठवडी बाजार सोडला, देवळाच्या पायऱ्या सोडल्या, स्टेशनचा पूल चढावा लागतो म्हणून माहेरचा प्रवास सोडला, सोयऱ्यांच्या लग्नाला 'तुम्हीच जाऊन या' म्हटले. ही यादी वाढत चालली असेल, तीन महिने मनापासून व्यायाम करूनही ती थांबत नसेल आणि झोप मोडत असेल, तर वेळ झाली असे समजावे. अंथरूण धरण्याची वाट पाहू नये.

हा कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे आणि तो स्वतः वाचून दाखवावा. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की त्यासाठी फार लांब जावयास नको. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पुलगावहून सकाळी निघून सायंकाळी परत येता येते. तेथे विचारावयाचे प्रश्नही ठरवून न्यावे. पूर्ण सांधा बदलावा लागेल की एकच बाजू? दोन्ही पाय एकदम करावे की अंतराने? गुडघा पुढे किती वाकेल? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बायकांनी आधीच ऐकलेले बरे. नव्या गुडघ्याने चालणे, जिना चढणे, प्रवास करणे सुखाचे होते. पण उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालून बसणे बहुधा टाळावयास सांगतात. शौचास कमोड लागतो, पूजेला खुर्ची लागते. जिचे पोट निंदणावरच आहे तिने तर हे नीट तोलून पाहावे. त्या कामाला परत जाता येईल अशी आशा तिला कुणी लावू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणावी, दातांची किंवा लघवीची कीड-दाह असल्यास बरा करून घ्यावा, रक्त कमी असल्यास भरून काढावे; विदर्भात सिकलसेलचा आजार असल्याने ती तपासणीही झालेली असावी. गुडघ्यात इंजेक्शन घेतले असेल तर ते केव्हा घेतले हे डॉक्टरांना सांगावे, कारण त्यानंतर साधारण तीन महिने शस्त्रक्रिया टाळतात. नव्या सांध्यात जंतू शिरण्याचा धोका शंभरांत एक-दोघांना असतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचाही धोका असतो. हे धोके तयारीने कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

पैशाचा विचार सुटत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर सरासरी दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला नेहमीच्या धातूचा सांधा कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. पुढे ह्या मर्यादेत फेरबदल होत आले आहेत. सांध्याची किंमत म्हणजे सगळे बिल नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत आपल्या बाबतीत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड दाखवून आधीच विचारावे.

राहता राहिली घराची तयारी. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे व्यायामाचे आणि दुखण्याचे असतात, आणि खरा आराम दिसावयास सहा महिने ते वर्ष लागते. पुरुषाचा गुडघा बदलला तर त्याची सेवा कोण करणार, हा प्रश्न कुणी विचारीत नाही, बायको असतेच. बाईचा गुडघा बदलला तर स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न सर्वांआधी येतो आणि तेथेच बेत मोडतो. त्याचे उत्तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरात बसून, नावे घेऊन ठरले पाहिजे. सहा आठवड्यांचा स्वयंपाक मुलाने, नवऱ्याने, सुनेने वाटून घेणे जमत नसेल, तर डबा लावावा. वीस वर्षांच्या चालण्यापुढे दीड महिन्याचा डबा महाग नाही.

एखादी बाई सगळे समजून घेऊन 'मला नको' म्हणेल. तिचाही तो अधिकार आहे. काठी, व्यायाम आणि औषधे ह्यांवर समाधानाने राहणाऱ्या पुष्कळ आहेत. आमची विनंती एवढीच की तो नकार तिचा स्वतःचा असावा, दिवाळीचा, हंगामाचा किंवा घरातल्यांच्या जेवणाचा नसावा. घरातल्या माणसांनी आज रात्री 'दुखतंय का?' असे विचारू नये. 'नाही रे' हे उत्तर तयारच असते. 'गेल्या वर्षी करत होतीस ते आता काय काय सोडलंस?' असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत समोर बसून राहावे.